विहीर स्वतःची, तर काळजीही स्वतःचीच

— ऊस विकास अधिकारी



गळीत हंगाम संपला, फडातील टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि आपण सर्वजण आडसालीच्या तयारीला लागलो आहोत. अशा वेळी माझ्याकडून बेणे, सरी आणि खतमात्रा यांवरचा लेख अपेक्षित असतो. तो पुढच्या अंकात देईनच. या वेळी मात्र विषय पाण्याचा घेतला आहे. आणि तोही उसाला द्यायच्या पाण्याचा नव्हे, तर माणसाच्या पोटात जाणाऱ्या पाण्याचा.

ज्यांच्या मळ्यात गुऱ्हाळ आहे, रस्त्याकडेला रसवंती आहे, ज्यांनी हॉटेल, ढाबा, भेळीची गाडी किंवा मंगल कार्यालय काढले आहे, त्या सर्व सभासदांनी हा लेख जरूर वाचावा. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, पण घरचे पाणी विहिरीचे किंवा बोअरचे आहे, त्यांनीही वाचावा. कारखान्याच्या अंकात गुऱ्हाळाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण कारखान्याला नोंद देऊन उरलेला ऊस आपल्यातील काहीजण गुऱ्हाळाला लावतात, हे आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. तेव्हा उगाच डोळेझाक कशाला?

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगतो.

पाचूबंदरची रसवंती

एप्रिलमध्ये नात्यातील एका लग्नासाठी वसईला जाणे झाले. आपल्या एका सभासदाचा मुलगा तिकडे किल्ल्याच्या वाटेवर, पाचूबंदरच्या अलीकडे, उन्हाळ्यापुरती रसवंती चालवतो. रसवंतीचा धंदा म्हटला की पुरंदर तालुक्यातील बोपगावची मंडळी आठवतात. तिथल्या कानिफनाथाच्या नावाची रसवंतिगृहे राज्यात जागोजाग दिसतात. आपल्याकडची पोरे या धंद्यात आता कुठे उतरू लागली आहेत. म्हणून निघताना त्याच्या वडिलांनी मला सांगितले, "साहेब, वसईला चाललाच आहात, तर पोराकडं एक चक्कर टाका. ऊस आपलाच आहे, पण धंदा कसा करतोय ते तुम्ही बघून सांगा."

पाचूबंदर हे वसईच्या खाडीच्या मुखाशी वसलेले मच्छीमारांचे गाव. एका अंगाला चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला, दुसऱ्या अंगाला पाणीच पाणी. किनाऱ्याला लागलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी आणि बांबूच्या मांडवांवर ओळीने टांगलेले बोंबील. आपल्याला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, वसईचा हा भाग एकेकाळी केळीबरोबर उसासाठीही नावाजलेला होता. रहाटाच्या पाण्यावर तिथे ऊस होई आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत वसईच्या किल्ल्यातच साखर करण्याचा उद्योगही झाला होता.

मी बंदरावर फिरत असताना एक वयस्क मावशी मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांना सहज म्हटले, "मावशी, तुम्हांला पाण्याला काय तोटा?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, पाण्यात राहतो खरं, पण तांब्याभर प्यायचं पाणी विचार करून घ्यावं लागतं."

त्यांच्या बोलण्यात मोठे शास्त्र आहे. समुद्राकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. वरचे ते एक फूट आपण उपसून टाकले की खालून खारे पाणी वर सरकते. वसईकरांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. तिथल्या बागायतीतील विहिरींचे पाणी टँकर भरून विकले जाऊ लागले आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचे आंदोलन उभे केले. हेच दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. एक धर्मगुरू आणि साहित्यिक माणूस विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरला, यावरून पाण्याचे मोल कळावे.

निळा बर्फ, पांढरा बर्फ

मग मी आपल्या पोराच्या रसवंतीवर गेलो. चरक स्वच्छ, ऊस सोलून धुऊन उभा केलेला, फडका पांढरा. पाहून बरे वाटले. तेवढ्यात शेजारून बर्फाच्या लाद्यांची हातगाडी बंदराकडे गेली. मी म्हटले, "अरे, बर्फ दारातूनच जातोय की! तुला तर सोयच झाली."

तो म्हणाला, "नाही साहेब. तो मासळीसाठी चाललाय, माझ्या गिऱ्हाइकासाठी नाही. पहिल्या वर्षी स्वस्त पडतो म्हणून मी तसलाच बर्फ घेत होतो. मग कळलं, तो कुठल्या पाण्याचा ते कुणालाच सांगता येत नाही. आता खायच्या बर्फाची पावती असेल तरच घेतो."

त्याचे म्हणणे बरोबर आहे. पाणी गोठले म्हणजे त्यातील जंतू मेले, असा आपला एक समज आहे. तो चुकीचा आहे. जंतू बर्फात थिजून राहतात आणि बर्फ रसात विरघळला की पुन्हा जागे होतात. याच कारणाने २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यावा, असा नियम केला. खाण्याचा बर्फ पांढरा, बाकीचा निळा. गिऱ्हाइकाला लांबूनच कळावे हा हेतू. अर्थात पांढरा दिसला म्हणजे तो चांगल्याच पाण्याचा, असे डोळे मिटून मानू नये. विचारून घ्यावे.

मग त्याने मला त्याच्या पाण्याची व्यवस्था दाखवली. त्याच्याकडे पाणी तीन ठिकाणांहून येते. एक महानगरपालिकेचा नळ, जो ठराविक वेळी येतो. दुसरा नळाचे कमी पडले की घ्यावा लागणारा टँकर. आणि तिसरी भाड्याच्या जागेमागची जुनी विहीर. विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून ते फक्त फरशी धुवायला. त्याचे पिंप लाल. नळाचे पाणी ऊस धुवायला, ग्लास विसळायला आणि हात धुवायला. त्याचे पिंप निळे. टँकरचे पाणी आले की तो बाटलीत थोडे पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग येतो का ते बघतो. ग्रामपंचायतीत आपण ज्याला 'ओटी टेस्ट' म्हणतो, तीच ही. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही आला, तर ते पाणी लाल पिंपात.

मी म्हटले, "एवढा खटाटोप कशाला? रस तर उसाचा आहे."

तेव्हा तो जे बोलला, ते मी डायरीत लिहून ठेवले आहे. "साहेब, रस उसाचा, पण गिऱ्हाईक पाणी पण पितं. ऊस धुतो ते पाणी, चरकाचे रूळ धुतो ते पाणी, ग्लास विसळतो ते पाणी, हाताचं पाणी, फडक्याचं पाणी आणि बर्फ. सहा वाटांनी पाणी आत जातं. आणि रस आपण उकळत नाही."

निघताना त्याने विचारले, "साहेब, आमच्या घरच्या गुऱ्हाळाच्या विहिरीचं पाणी कधी तपासलंय का हो कुणी? नळाचं पाणी महापालिका बघते. टँकरचं मी बघतो. तिकडच्या विहिरीचं कोण बघतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या वडिलांच्या विहिरीचे तर नव्हतेच. माझ्या स्वतःच्या विहिरीचेही नव्हते.

माझ्या घरची हकिकत

आता हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण सभासदांपासून लपवायचे काय?

आमच्या शेतावर गेल्या वर्षी पाहुण्यांना रस पाजण्याचा कार्यक्रम केला होता. ऊस आमचा, पाणी आमच्या विहिरीचे. दोन दिवसांत आईसकट घरातील चौघांना आणि काही पाहुण्यांना जुलाब लागले. "ऊन लागलं, रस बाधला," असे म्हणून आम्ही विषय संपवला. विहिरीवर कोणाचाही संशय गेला नाही. कारण आमच्या विहिरीचे पाणी नितळ, गोड. तळाचा खडा दिसतो! वडील सांगायचे, या पाण्याने आम्हां सगळ्यांना वाढवले.

वसईहून परतल्यावर त्याच आठवड्यात नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला. अहवाल आला. कोलिफॉर्म जंतू आढळले. नायट्रेट ६८ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ४५ ची.

अहवाल हातात घेऊन मी विहिरीभोवती एक फेरी मारली. चाळीस वर्षे ज्या विहिरीवर वावरलो, ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. गोठा आणि शेणखताचा उकिरडा चढाच्या बाजूला, वीसेक फुटांवर. संडासाचा शोषखड्डा तीस फुटांच्या आत. कठडा एका बाजूने ढासळलेला, त्यामुळे पावसाचे पाणी थेट आत. आणि काठावरच फवारणीचा पंप धुवायची जागा! तणनाशकाचे रिकामे डबे तिथेच पडलेले. हे सगळे दुसऱ्याच्या शेतात दिसले असते, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

त्यातही नायट्रेटचा आकडा मला जास्त लागला. कारण तो माझ्या सल्ल्याचा आकडा आहे. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र ही शिफारस मीच आपल्याला सांगत आलो. पण ती चार हप्त्यांत द्यायची असते: लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. आपण काय करतो? युरियाची पोती एकदाच फोडतो, वर आणखी दोन पोती 'असू द्या' म्हणून टाकतो आणि पाटाने पाणी सोडतो. उसाने जे उचलले नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते आणि नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. खताचे पैसे आपण दिले आणि खत विहिरीला घातले!

नायट्रेट मोठ्या माणसाला सहसा लगेच जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतील बाळाला त्या पाण्यातून दूध-पावडर दिली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू लागते. माझ्या धाकट्या भावाचे बाळ त्या वेळी तीन महिन्यांचे होते. आणि वरचे दूध सुरू करण्याचे घरात बोलणे चालले होते. पुढचे मी लिहीत नाही. आपण समजून घ्या.

एक गोष्ट येथे पक्की ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडरनेही नायट्रेट जात नाही.

नळाचे पाणी आणि आपले पाणी

गावाच्या नळाला एक व्यवस्था असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल टाकतो, आरोग्य सेवक ओटी टेस्ट करतो, नमुने प्रयोगशाळेत जातात, ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ही व्यवस्था कुठे नीट चालते, कुठे ढिली पडते. पण निदान विचारणारा कोणीतरी असतो. आपल्या मळ्यातील विहिरीला कोणी विचारणारा नाही. तिथे जलसुरक्षकही आपण आणि आरोग्य सेवकही आपणच.

घरापुरते असेल तोवर चूक घरापुरती राहते. पण त्या पाण्यावर आपण गूळ, रस, चहा, जेवण विकू लागलो की ती चूक दुसऱ्याच्या घरात जाते. पुण्याचे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या जानेवारीत तिथे गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता या भागांत ते जास्त होते. एकंदर रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. तपासाचा रोख पाण्याकडे वळला. विहिरी, टँकर आणि खासगी आरओ प्लांट यांचे पाणी तपासण्यात आले आणि अनेक खासगी प्लांटचे पाणी पिण्यास अयोग्य ठरून ते बंद करण्यात आले. 'आरओचे पाणी' असा फलक लावला म्हणजे पाणी चांगले, एवढ्यावर लोक विसंबले होते.

कायदाही आता स्पष्ट आहे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांप्रमाणे गुऱ्हाळ असो की रसवंती, धंद्याच्या आकारमानानुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. अन्नात वापरायचे पाणी आणि अन्नाला लागणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच हवा. परवान्याच्या वेळी पाण्याचा अहवाल मागतात आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा लागतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० हे आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात कोलिफॉर्म अजिबात आढळू नयेत, नायट्रेट ४५ च्या आत असावे आणि विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर क्षार २,००० पर्यंत चालवून घेतात.

गुऱ्हाळवाले म्हणतील, "आमचा रस तर काहिलीत तासन् तास उकळतो. जंतू राहतील कुठे?" अगदी बरोबर. काहिलीत ते राहत नाहीत. पण काहिल उतरल्यानंतर काय? वाफा धुतला ते पाणी, ढेपेच्या बादल्या धुतल्या ते पाणी, बादलीत अंथरलेले ओले फडके, गूळ थापणारे ओले हात. आणि गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याला दिलेला कच्चा रस तर काहिलीत गेलेलाच नसतो. तेव्हा विस्तवाच्या आधीच्या पाण्यापेक्षा विस्तवानंतरच्या पाण्याला जास्त जपावे.

आता करायचे काय?

१. विहिरीभोवतीची फेरी. मी केली तशी प्रत्येकाने आधी एक फेरी मारावी. शोषखड्डा, उकिरडा, गोठा विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या बाजूला असावा. आपल्याकडील फुटीर मुरूम-खडकात त्याहूनही लांब असलेला बरा. कठडा पक्का, भोवती सिमेंटचा ओटा, सांडपाण्याला गटार आणि वर जाळी किंवा झाकण हवे. वरचे बांधकाम निदान २० फुटांपर्यंत पाझर न देणारे असावे. बोअरचा केसिंग पाइप जमिनीच्या वर आलेला आणि तोंड बंद असावे.

२. फवारणी आणि खताचा पंप. तणनाशकाचा पंप विहिरीवर भरू नये आणि धुऊही नये. व्हेंचुरीतून खत सोडता त्या लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. वीज गेली की पाइपातील पाणी उलटे विहिरीकडे ओढले जाते आणि त्याबरोबर खतही.

३. टीसीएलचा हिशेब. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली फुटांत मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, म्हणजे अंदाजे लिटर. समजा, व्यास २० फूट आणि पाणी १० फूट आहे. २० × २० × १० × २२ म्हणजे ८८,००० लिटर. दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे २२० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. थोड्या पाण्यात लगदा करावा, पाऊण बादली पाणी घालून ढवळावे, पाच-दहा मिनिटे निवळू द्यावे. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडावी आणि पाण्याखाली हिंदकळावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. तासभर पाणी उपसू नये. त्यानंतर ओटी टेस्ट करावी. पिवळा रंग आला नाही, तर मात्रा कमी पडली असे समजावे. तपासलेले पाणी प्यायचे नसते, ओतून द्यावे. टीसीएल हवाबंद, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी. उघड्या पोत्यातील जुनी पावडर म्हणजे नुसता चुना. बोअर असेल तर हाच हिशेब साठवणीच्या टाकीला लावावा: ५,००० लिटरच्या टाकीला साडेबारा ग्रॅम. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो, म्हणून आधी पाणी निवळू द्यावे. पूर येऊन विहीर बुडाली असेल, तर आरोग्य सेवकाला विचारल्याशिवाय ते पाणी वापरू नये.

४. तपासणी. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती घरी विसळू नये. पंप पाच मिनिटे चालवून मग बाटली भरावी, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवावी. रासायनिक तपासणीचा नमुना वेगळा द्यावा. तो दिला नाही, तर नायट्रेट कळणारच नाही.

५. पाणी ओळखून ठेवणे. पाचूबंदरच्या त्या पोरासारखी लाल आणि निळी पिंपे करावीत. खर्च रंगाच्या एका डब्याचा. टाकी दर महिन्याला घासावी, झाकण लावावे, पाणी ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे. आणि एक साधी वही घालावी: टीसीएल कधी टाकली, टाकी कधी धुतली, अहवाल कधी आला. कोणी विचारायला आले, तर ती वहीच आपली साक्षीदार.

हंगामात आपल्या फडात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांची लेकरे आपल्याच विहिरीचे पाणी पितात. वरचे सर्व काही त्यांच्यासाठीही लागू आहे, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी

माझ्या विहिरीचे पुढे काय झाले, ते सांगून लेख संपवतो. उकिरडा हलवला. शोषखड्डा बुजवून दुसरीकडे घेतला. कठडा बांधला. पंप धुवायची जागा लांब नेली. टीसीएल नियमित सुरू केली. मे महिन्याच्या शेवटी पुन्हा नमुना दिला. कोलिफॉर्म आढळले नाहीत. नायट्रेट मात्र जवळजवळ तेवढेच आहे. जमिनीत वर्षानुवर्षे उतरलेले एका उन्हाळ्यात निघत नाही. म्हणून घरात प्यायला आणि बाळासाठी आता गावच्या नळाचे पाणी येते. तेही मी तपासून घेतले आहे. आणि या आडसालीला माझ्या शेतात युरिया चार हप्त्यांत पडेल, वरची दोन पोती नाहीत. आईला हे सगळे पटायला वेळ लागला. "एवढं गोड पाणी, त्याला काय झालंय?" असे ती अजूनही म्हणते. मीही तिच्याशी वाद घालत नाही. पण तांब्या नळाचाच भरतो.

पाचूबंदरच्या मावशी समुद्राच्या काठी राहून तांब्याभर पाण्याचा विचार करतात. आपल्या विहिरी गोड्या आहेत, म्हणून आपण विचार करायचा सोडला. मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. पहिल्या पावसाबरोबर उकिरड्याचे सगळे पाणी वाट काढत विहिरीकडे येते. त्याआधी एक फेरी मारा, एक नमुना द्या. अहवाल समजला नाही, तर गट कार्यालयात घेऊन या. मी किंवा आपला शेतकी मदतनीस तो वाचून सांगू. त्या पोराच्या वडिलांचा नमुना गेल्या सोमवारी मीच पोचवला आहे.